पप्पांना कर्ण्यावरून कळलं

मकासार
२ जून

पप्पा,

नाही, मी चुकले नव्हते. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं. तिकडे डोंगरात सगळे बरे असतील, कॉफीची फळं लाल व्हायला लागली असतील, दादाचा गुडघा थोडा तरी ऐकत असेल असं धरून चालते. मी ठीक आहे. खानावळीतला भात कच्चा असतो. झाली खुशाली.

तुमची तब्येत मी विचारणार नाही. तुम्ही गेल्या वर्षी नऊ मेला वारलात. घरातल्या प्रत्येकाला माहितीये. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलंय, आणि औषध टोचून शरीर टिकवणारा तो माणूस रांतेपाओहून दोनदा येऊन गेलाय. तरी तेरा महिने तुम्ही मागच्या खोलीत पलंगावर आहात, आई रोज सकाळी उशाशी बिनसाखरेची कॉफी ठेवते, आणि कुणी विचारलं की म्हणते, "आजारी आहेत." आपल्याकडे असंच. अंगणात अंत्यविधीचा पहिला रेडा पडेपर्यंत माणूस मेलेला नसतो, आजारी असतो. मी त्याच घरात वाढलेय, मला कुणी शिकवायला नको. आत्या दोन वर्षं आजारी होती तेव्हा तिच्या पायाशी बसून मी पाढे पाठ केलेत.

(दादा, तू मोठ्यानं वाचतोयस ना? आईसमोर वाच. आणि ‘वारलात’ आलं की खोकू नकोस.)

पत्र का, तर आईनं तुमच्या खोलीत फोन न्यायला बंदी केलीये. आणि पत्र तुम्हाला का, तर आई माझं नाव काढलेलं ऐकून घेत नाही, पण तुमच्या नावानं आलेलं फाडणार नाही. मेलेल्यांशी बोलू नये असं मोशेनं स्पष्ट सांगितलंय. म्हणून हे पत्र तांत्रिकदृष्ट्या दादाला आहे. हसू नका.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, अंगणात बांबूचे मांडव उभे राहतायत, सात जुलै ठरली, पाहुण्यांना निरोप गेले.

"एकच अडलंय," म्हणाला.

"काय?"

"आई. रेडा दारात आणू देत नाही."

"का?"

"म्हणते, दमारिसनं त्यांना मेले म्हटलं, अख्ख्या डोंगराला ऐकवलं. आता तिनंच यावं. त्यांच्याजवळ बसावं, तब्येत विचारावी, आजारी आहात म्हणावं. मग आपण त्यांना जाऊ देऊ."

"आणि मी नाही आले तर?"

"राहतील आजारी. तिला कसली घाई? तिला सोबत आहे."

"दादा, मी वर्षअखेर देवळात पाळक होणारे. मढ्याला तब्येत विचारू?"

"मढं म्हणालीस तर फोन ठेवीन."

आणि ठेवला.

मला माहितीये तो कशाबद्दल बोलत होता. गेल्या जूनमधला तो रविवार. तुम्ही जाऊन चार आठवडे झाले होते, मी तेव्हा कुठे घरी पोचले होते, आणि मंडळीनं मला उपदेशाला उभं केलं. कॉलेजात शिकणारी आपली पोरगी म्हणून. मी लूकचा नववा अध्याय उघडला. एक माणूस येशूला म्हणतो, मला आधी जाऊन माझ्या बापाला पुरू द्या. आणि येशू म्हणतो, मेलेल्यांना त्यांच्या मेलेल्यांना पुरू दे, तू चल. मी म्हटलं, बघा, एक दिवससुद्धा दिला नाही त्यानं, आणि आपण वर्षंच्या वर्षं घेतो. मी म्हटलं, माझे पप्पा मेलेत. त्यांना या आठवड्यात पुरा, रेड्यांशिवाय, आणि मोकळे व्हा.

आई दुसऱ्या रांगेत होती. उठली, छत्री घेतली, निघून गेली. छत्री उघडतानाचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

देवळाच्या छपरावरचा कर्णा आपल्या घराच्या दिशेला आहे हे मी विसरले होते. तुम्हीच बसवून घेतला होतात तो तसा, पावसाळ्यात आईला चिखलातून यायला लागू नये म्हणून. घरी गेले तर आई तुमच्या खोलीच्या दारात बसलेली. एकच वाक्य बोलली, "आजारी माणसाला असं कर्ण्यावरून सांगतात?" त्यानंतर माझ्याशी काही नाही. आजवर काही नाही.

पण पप्पा, वचन ते वचन. मी लिहिलेलं नाहीये ते. कठीण आहे म्हणून गुळगुळीत करायचं का? तुम्हीच शिकवलंत ना, शास्त्र आपल्या सोयीनं वाचायचं नाही.

मी येणार नाही. रागानं नाही.

शास्त्राची आज्ञा पाळणारी,
दमारिस


मकासार
११ जून

पप्पा,

दादाचा निरोप मिळाला. "वाचून दाखवलं. पप्पा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, अक्षर बिघडलंय."

बिघडलंय. झोप लागत नाही.

आईला द्यायला एक भक्कम कागद असावा म्हणून मी योसिना मॅडमकडे गेले. आम्हाला नवा करार शिकवतात त्या, स्वतः पाळक, मूळच्या आपल्याच डोंगरातल्या. वय पासष्ट, आवाज कोंबड्यासारखा, वर्गात चपला काढून बसतात. माझा तो उपदेश टाइप करून नेला होता. म्हटलं, यावर एवढं लिहून द्या की अर्थ बरोबर आहे.

त्यांनी वाचला. परत वाचला. मग विचारलं, "या माणसाचा बाप मेला होता कधी?"

"म्हणजे? पुरायचंय म्हणतोय ना तो."

"त्या देशात कधी पुरायचे?"

"त्याच दिवशी. ऊन असतं."

"आणि नंतर?"

"सात दिवस घरात बसून शोक."

"मग बाप आज मेलाय, आणि पोरगा रस्त्यावर येशूशी गप्पा मारत उभाय? कुणाच्या घरात चालतं हे? तुझ्या चाललं असतं?"

त्यांनी कपाटातून दोन जाडजूड पुस्तकं काढली आणि माझ्या मांडीवर आदळली. पप्पा, तुम्हाला हे आवडलं असतं म्हणून सांगते. त्या काळी यरुशलेमच्या आसपास मेलेल्याला आधी गुहेत ठेवायचे. वर्षभरानं मांस झडलं की मुलगा परत जायचा, हाडं गोळा करून दगडी पेटीत ठेवायचा. तेव्हा कुठे पुरणं पुरं झालं. त्यामुळे काहींचं म्हणणं, या माणसाचा बाप गुहेत होता आणि त्याला वर्षभर थांबायचं होतं. दुसरे म्हणतात, बाप धडधाकट जिवंत होता, आणि पोरगा म्हणत होता, म्हातारा जाऊ दे, सगळं उरकू दे, मग येईन, दहा वर्षांनी.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"कुणाला माहीत? लूकनं लिहिलं नाही."

"मग फायदा काय याचा?"

"फायदा हा, की बाप नुकताच गेलेल्या पोराला येशू हाकलून देतोय असं तू जे माईकवरून सांगितलंस, ते त्यात नाहीये."

पप्पा, मला राग आला. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे वचन बोथटच झालं की. त्या हसल्या. "बोथट? उलट आता लागेल बघ. हे वचन कुणाला सांगितलंय? जायचं नाही म्हणून बापाचं निमित्त काढणाऱ्याला. तू काय केलंस? बापाकडे जायचं नाही म्हणून वचनाचं निमित्त काढलंस. तुम्ही दोघं सख्खे भाऊबहीण." वर म्हणाल्या, "हा पाठ तुला कुणी दिला होता?"

"परीक्षेला होता," मी म्हटलं.

खोटं बोलले. तोंडावर. एका पाळकासमोर.

पाठ तुम्ही दिला होतात. तुमचे ते प्रश्न आठवतात ना? देवळाच्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून ठेवायचात आणि फोन करायचात. टकल्या म्हटलं म्हणून अलीशानं पोरांवर अस्वलं सोडली, हे काय गं? देवाच्या कराराचा कोश पडत होता म्हणून बिचाऱ्या उज्जानं हात लावला तर त्याला का मारलं? अंजिराचा हंगामच नव्हता तर झाडाला शाप कशाला? मी बसमध्ये असायचे, लायब्ररीत असायचे, आणि तुम्ही तिकडून ओरडायचात, "अगं, हा येशू आज चिडचिड का करतोय?" कॉलेजात मी अभिमानानं सांगायचे, माझे पप्पा शेतकरी आहेत पण देवळाच्या कमिटीतल्या सगळ्यांना निरुत्तर करतात. आणि फोन आला की डोळे फिरवायचे. दोन्ही खरं.

शेवटचा प्रश्न एप्रिलअखेरचा. तुमचा आवाज बसला होता. म्हणालात, "लूक नऊ, एकोणसाठ-साठ. येशू असं का म्हणाला गं? आपल्यासारख्या लोकांनी काय करायचं? मला नीट समजावून सांग. फोनवर नको, घरी ये आणि सांग. मला सध्या बरं नाही."

मी म्हटलं, "पप्पा, त्यात समजावण्यासारखं काही नाही. अर्थ सरळ आहे."

तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. तुम्ही कधी ‘बरं’ म्हणून सोडायचा नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मॅडमनी गृहपाठ दिलाय. येशू मेलेल्यांशी, मेलेल्यांबद्दल, त्यांच्या घरच्यांशी कसं वागतो ते सगळं काढून आण, म्हणाल्या. "वचनाला वचनाशेजारी बसव. एकटं वचन म्हणजे गर्दीत हरवलेलं पोर, कुणीही हात धरून कुठेही नेतं."

दादा, आईला विचार, पत्र पुरतं ऐकते का मध्येच उठते. खरं सांग.

दमारिस


मकासार, बस स्टँड
१९ जून, सकाळ

पप्पा,

गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय, अक्षराबद्दल आईनं बोलू नये. सातची गाडी भरली, मला नऊची मिळालीये. सातच्या गाडीचा कंडक्टर कुणाच्यातरी बाळाच्या बारशाला चाललेली डुकराची पिल्लं टपावर बांधतोय, तेवढ्यात हे लिहून त्याच्याकडे देणार. म्हणजे पत्र माझ्या दोन तास आधी पोचेल. दादा, फोनवर सांगितलं तसं रांतेपाओला उतरवून घे, घरी जा, आणि मी यायच्या आत वाच. तोंडानं सांगायची हिंमत माझ्यात नाहीये.

आधी गृहपाठ. चार दिवस लायब्ररीत बसले. याकोबाला योसेफानं कसं पुरलं ते काढलं, चाळीस दिवस मसाले भरणं, सत्तर दिवस शोक, मग राजाची परवानगी काढून एवढ्या लांब कनानात नेणं. देवानं एका शब्दानं हरकत घेतली नाही. देवाला दिलंय म्हणून आईबापांना न देणाऱ्यांवर येशू कसा उखडतो ते काढलं. वधस्तंभावर टांगलेला असताना आईची सोय लावतो ते काढलं. पण पप्पा, यातलं काहीच शोधायला लांब जायची गरज नव्हती. लूकचाच सातवा अध्याय. नाईन गावाच्या वेशीवर तिरडी चाललीये, विधवेचा एकुलता एक. येशू म्हणत नाही की मेलेल्यांना पुरू दे मेलेल्यांना. त्याला कळवळा येतो, रडू नकोस म्हणतो, तिरडीला हात लावतो. आठवा अध्याय. याईराची पोरगी गेलीये, घरात आक्रोश चाललाय, आणि तो आत शिरून म्हणतो, ती मेली नाही, झोपलीये. आणि लोक त्याला हसतात. त्यांना पक्कं माहीत असतं ना, मेलीये म्हणून. मग तो तिचा हात धरतो, ती उठते, आणि तो म्हणतो, हिला जेवायला द्या.

मी सात आणि आठ न वाचता सरळ नवव्यावर जाऊन पोचले होते. कर्णा लावून.

ती हसणारी माणसं बरोबरच बोलत होती, पप्पा. माहिती म्हणून बघितलं तर बरोबर. मीही बरोबरच बोलले होते. तुम्ही वारला होतात. आणि मी येशू नाही. मी येऊन हात धरला म्हणून तुम्ही उठून जेवायला मागणार नाही, हे मला ठाऊक आहे, आईलाही ठाऊक आहे. आई वेडी नाही.

हे मला दादानं परवा फोनवर सांगितलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हतो, म्हणाला. तुमचा विधी गेल्या जुलैलाच ठरला होता म्हणे. सगळं तयार होतं. आई म्हणाली, नाही.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? आपल्याकडे माणूस आजारी कधीपर्यंत असतो?"

"रेडा पडेपर्यंत."

"आणि रेडा कधी पडतो, शहाणे? सगळी पोरं घरी आल्यावर."

"मी आले होते की, गेल्या जूनमध्ये."

"तू देवळात आली होतीस. घरात आलीस, दप्तर उचललंस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. त्यांच्या खोलीत पाऊल टाकलंस?"

नाही टाकलं.

तेरा महिने आई तुमच्यासाठी थांबलेली नव्हती. तुम्हाला काय घाई होती! ती माझ्यासाठी थांबली होती. पोरगी येऊन भेटेपर्यंत बापाला मरू द्यायचं नाही. एवढी साधी गोष्ट. शेजारपाजारच्यांना समजली होती, वचनं तोंडपाठ असलेल्या मला नाही.

आता ते. दादा, सावकाश वाच. आई, उठून जाऊ नकोस.

निमित्त म्हणून ते वचन मला नंतर सापडलं. परीक्षेला नव्हतं, आणि त्या वचनानं मला अडवलंही नव्हतं. नऊ मेच्या संध्याकाळी मी समुद्रकाठी होते. वर्गातल्या तिघी होत्या. चेपून भाजलेली केळी गुळाच्या पाकात बुडवून खात होतो आणि कुणाच्या तरी नवऱ्याची नक्कल चालली होती. फोन वाजला. तुमचं नाव दिसलं. मी म्हटलं, आता अस्वलं निघतील, नाहीतर अंजीर. मैत्रिणी हसल्या. मी फोन उलटा ठेवला. परत वाजला. असं सात वेळा. सातव्यांदा मी आवाजच बंद केला. पाक हाताला चिकटला होता, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला कारण म्हणून सांगितलं.

आठवा फोन सकाळी आला, दादाचा. तुमच्या हातातून फोन सोडवायला आईला दोन्ही हात लावायला लागले, असं त्यानं सांगितलं. त्याच दिवशी तिनं तो त्या खोलीबाहेर काढला.

दादा म्हणाला लगेच ये. मी चार आठवडे लावले. त्या चार आठवड्यांत मी शोधत होते. असं काहीतरी, ज्यात बापाकडे न जाणारा माणूस बरोबर ठरेल. आणि तुमच्याच प्रश्नात ते मिळालं. तुमचाच प्रश्न घेऊन मी तुमच्याविरुद्ध उभी राहिले, पप्पा.

तुम्ही सात वेळा कशाला फोन केलात ते मला माहीत नाही. कदाचित मरत होतात म्हणून. कदाचित खरंच अस्वलंच होती. मी दोन्ही धरून बघते, दोन्हींनी सारखंच लागतं.

आज तुमच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन निघालेय. पुरतं नाहीये, मॅडमचंही पुरतं नाही. ‘तू चल’ हे त्यात अजून उरतंच, आणि ते मऊ होत नाही. मला एवढं कळलंय की ते मला उद्देशून आहे आणि दिशा घराची आहे. खोलीत येईन, पलंगाशी बसेन. आईला हवं ते वाक्य तोंडातून निघेल की नाही, निघालं तर खोटं वाटेल की खरं, काही सांगता येत नाही. पिंपाला टेकून ते वाक्य पुटपुटून बघतेय, समोरची बाई माझ्याकडे बघून सरकून बसली. पण वाक्य म्हणायच्या आधी मी लूक सात मोठ्यानं वाचीन, मग आठ, मग नऊ. या क्रमानं. तुम्ही मध्ये टोकायचं.

दादा, मला न्यायला स्टँडवर थांबू नकोस, मी चालत येईन. आई, उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तरी मला मिळणार नाही, मी वाटेत असेन.

पिल्लं बांधून झाली. कंडक्टर हात पुढे करून उभाय, म्हणतोय, "ताई, द्यायचं तर द्या, नाहीतर मी चाललो." देते. माझी नऊची गाडीही आत्ताच येऊन लागलीये पलीकडे, जाऊन जागा धरते.

जाते.

सात वेळा फोन न उचललेली, तुमची
दमारिस